रूपालाही पायथॉन येतं

कारंजा लाड, १२ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार पानं आहेत आणि चारही पानांवर फक्त पायथॉनचे प्रश्न आहेत. मला ते सोयीचं आहे. बाकीचं तू विचारलं नाहीस, मीही विचारत नाही.

मी तुला केंद्रात दाखल केलं तेव्हा मला सांगितलं होतं की तिथे फोन मिळत नाही आणि आलेलं-गेलेलं प्रत्येक पत्र मॅडम वाचतात. म्हणून मॅडमसाठीही लिहून ठेवते: या पत्रांत पुढे विचित्र ओळी येतील. ती सांकेतिक भाषा नाही. कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा आहे. व्यसनमुक्ती केंद्रातल्या माणसानं ती शिकू नये असा नियम असेल तर कळवावं, मी थांबेन.

आता तुझे प्रश्न.

पायथॉन यायला किती दिवस लागतात, हे माझ्या क्लासमध्ये दर बॅचला पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारतं. मी उत्तर देत नाही. काय करायचंय त्यावर ते अवलंबून असतं आणि विचारणाऱ्याला ते सहसा माहीत नसतं.

इंग्रजी फार लागत नाही. ठरलेले पस्तीसेक शब्द आहेत, ते सवयीनं पाठ होतात. बाकी नावं तू मराठीत ठेवलीस तरी चालतं. 'पोती' असं नाव लिहून त्यापुढे बरोबरचं एक चिन्ह आणि १२ लिहिलंस की त्या नावात बारा राहतात. फक्त बारा हा आकडा इंग्रजीत लिही. बरोबरचं एक चिन्ह म्हणजे ठेवणं, दोन चिन्हं म्हणजे 'सारखं आहे का' असं विचारणं. ही गल्लत सगळे करतात, तूही करशील.

एआय सगळं लिहून देतं तर शिकायचं कशाला? लिहून देतं, खरं आहे. त्यात काही चुकलं असेल तर ते दिसण्यासाठी कोणाला तरी वाचता यावं लागतं.

कॉम्प्युटरशिवाय शिकता येतं, पण हळू. तू कागदावर लिही. मी इथे जसंच्या तसं टाइप करीन आणि जे उत्तर येईल ते पाठवीन. तुझ्या चुका मी दुरुस्त करणार नाही. चुकीसकट चालवीन. एक अडचण अशी की पायथॉनमध्ये ओळीच्या आधी सोडलेल्या जागेला अर्थ असतो. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे हे त्या जागेवरून ठरतं. साध्या कागदावर ती मोजता येत नाही, म्हणून सोबत गणिताची चौकटीची वही पाठवते. एका चौकटीत एक अक्षर. पोटातली ओळ चार चौकटी सोडून.

शेवटचा प्रश्न, 'पायथॉन येतं असं कधी म्हणता येतं, कोणी विचारलं तर काय सांगायचं', हा मला कळला नाही. कोण विचारणार आहे?

आईच्या हाताचं प्लास्टर निघालं. मनगट पूर्ण वळत नाही. न्हाणीत पाय घसरला असंच ती अजून सांगते.

संस्कृती


२६ नोव्हेंबर

दादा,

वही उपयोगी पडली. तुझं अक्षर चौकटीत बरं दिसतं.

पहिला प्रोग्राम चालवला. तू दोन वावरांची पोती विचारून बेरीज करतोस. मी पाच आणि पाच टाइप केले. उत्तर पंचावन्न आलं. कॉम्प्युटर बिघडलेला नाही. 'इनपुट'नं विचारलेलं जे काही येतं ते त्याच्या लेखी अक्षरं असतात, आकडा नाही. अक्षरांना अक्षरं जोडली की पाचापुढे पाच लागतो. आकडा हवा असेल तर 'इंट' लावून तसं सांगावं लागतं. लावून पुन्हा चालवलं नाही. ते तू कर.

दुसरा प्रोग्राम चाललाच नाही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी विसर्गासारखे दोन ठिपके नाहीत. चूक आली की पायथॉन एक लांबलचक मजकूर दाखवतं आणि सगळे तो वाचायच्या आधीच घाबरतात. खालून वाचायचा. शेवटच्या ओळीत चुकीचं नाव असतं, तिच्या वर कुठल्या ओळीत ती झाली ते.

मॅडमनी तुझ्या पत्राच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंय की हरीओम आता सकाळी स्वतःहून उठतो. मी ते वाचलं.

तू लिहितोस, कागदावर शिकून कंटाळा येतो. येईल. मलाही येतो. दिवसभर बॅच असतात, तेच प्रश्न, तेच पंचावन्न. त्यानंतर तुझी वही उघडते.

घरी सोयाबीन झालं. बाबा तुरीकडे बघतात. आई फोनवर तुझं नाव काढताना आवाज बारीक करते, शेजारी कोणी असावं तसा.

संस्कृती


१० डिसेंबर

दादा,

या वेळी तू लिहिलंस की मॅडमनी तुला ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसू दिलं, तू प्रोग्राम चालवलास आणि तो पहिल्या फटक्यात चालला. सोबत उत्तरही लिहिलंस: आठ, नऊ, दहा, बारा.

तुझ्या प्रोग्राममध्ये चार वावरांची पोती आहेत. बारा, आठ, दहा, नऊ. प्रत्येक आकडा तू अवतरण चिन्हात घातला आहेस. अवतरणात घातलं की तो आकडा राहत नाही, अक्षरं होतात. अक्षरं चढत्या क्रमानं लावायला सांगितली की पायथॉन शब्दकोशासारखं पहिलं अक्षर आधी बघतं. एकानं सुरू होणारे दहा आणि बारा पुढे येतात, आठ आणि नऊ मागे जातात. मी इथे चालवलं. उत्तर आलं: दहा, बारा, आठ, नऊ. कुठल्याही कॉम्प्युटरवर हेच येईल.

म्हणजे ते उत्तर कॉम्प्युटरनं दिलेलं नाही. शहाण्या माणसानं जसे लावावे तसे आकडे तू मनानं लावलेस आणि चाललं म्हणून लिहून टाकलंस.

चाललं का, असं मी विचारलं नव्हतं.

रागावून लिहीत नाही, दमले आहे. दुकानातून येतोय म्हणायचास आणि दुकान बंद असायचं. गाडीत पेट्रोल भरलं म्हणायचास आणि टाकी रिकामी असायची. एका क्रमवारीसाठी सुद्धा तुला खरं बोलवलं नाही, तर पुढे काय लिहायचं मला कळत नाही. तरी लिहिते: अवतरणं काढ. आकडे नीट लागतील.

संस्कृती


२१ डिसेंबर

दादा,

काल आई आली होती. तालुक्याच्या मालेगावला गाडी बदलून, एका हातात ओल्या तुरीच्या शेंगांची पिशवी. दुसरा हात पदराखाली धरला होता. शेंगा सोलता सोलता तिनं सांगितलं की तुझं जमत आलंय.

मला यातलं काही माहीत नव्हतं. तुला होतं का, ते पुढे विचारते. आधी तिचं बोलणं जसं झालं तसं लिहिते.

"पोरगी बीएस्सी हाय. रूपा नाव. मानोऱ्याकडची हाये. मामा तिचा इथंच कारंज्यात असते, जगदेव म्हणून, बाजारात अडत हाय त्याची. चौकशी मामाच करणार. तो येईन तुयाकडं."

मी विचारलं, त्याला काय सांगितलंय.

"हेच, का पोरगं पुण्याले कॉम्प्युटर शिकून राह्यलं."

"पुण्यात कुठं?"

"थे तूच सांगजो. तुले मायीत असते सगळं."

मग कळलं की दिवाळीपासून आपल्या गावात, अख्ख्या मेडशीला हेच सांगितलंय. तू कुठे गेलास असं कोणी विचारलं तेव्हा आईच्या तोंडात माझा धंदा आला. दुसरं काही सुचलं नसेल. मी म्हटलं, आणि दारूचं? ती शेंगाच सोलत राहिली.

"थे सुटली ना आता. सुटलेल्या गोष्टीचं कायले नाव काढतं? लगन झालं का माणूस आपसुक रस्त्याले लागते."

"अन् नाही लागला तर?"

"तुयी जीभ लय कोरडी झाली शिकून शिकून."

ती गेल्यावर मी तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. किती दिवसांत येतं. येतं असं कधी म्हणता येतं. कोणी विचारलं तर काय सांगायचं. यावर नोकरी लागते का, पगार किती असतो, घरून काम करता येतं का. मी समजत होते की रिकाम्या वेळात तुझं डोकं कशात तरी लागलंय. हे प्रश्न बैठकीतले आहेत. पाहुणे चहा घेताना विचारतात ते. तू शिकत नव्हतास, तयारी करत होतास, आणि तयारी मी करून घेत होते.

तुझे नवे तीन प्रश्न माझ्याकडे आहेत. त्यांची उत्तरं आत्ता देणार नाही. आधी माझ्या दोन प्रश्नांची दे. तुला हे कधीपासून माहीत आहे? आणि तू कुठे आहेस, कशासाठी आहेस, हे रूपाला कोण सांगणार आहे?

संस्कृती


३ जानेवारी

दादा,

उत्तर मिळालं. बाबा नोव्हेंबरात भेटायला आले तेव्हापासून तुला माहीत होतं. आणि रूपाला तू लग्नानंतर सांगशील, 'सवडीनं, तिच्या कलानं'. तोवर मी जगदेवमामाला फक्त 'हो' म्हणायचं. तू लिहितोस, एवढंच मागतो, पुन्हा काही मागणार नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी जगदेवमामा क्लासवर आले. पांढरी टोपी, पन्नाशीचे, पोरांच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ नुसते की-बोर्डांकडे बघत राहिले. पायथान म्हणजे हे टकटक करतात तेच का, असं विचारलं. मी हो म्हटलं. माझा भाऊही हेच शिकतो का, तेही विचारलं. मी म्हटलं, शिकतोय. यात खोटं काही नव्हतं.

"येते का त्याले?"

"सुरुवात आहे. चुकतो अजून."

ते मोठ्यानं हसले. "बहीण असून चुकते म्हणता. बाकीचे तं भाऊ म्हटला का साहेबच करून टाकतात."

मग चहा आला आणि त्यांनी सहज बोलावं तसं सांगितलं. तुला हे माहीत असायला हवं म्हणून त्यांचेच शब्द देते.

"आमच्या रूपालेबी होतं थे कॉलेजात. लय आवडीचं होतं तिच्या. पुढं शिकाचं म्हणे, तिच्या बापानं, मानिकराव भाऊजींनं, नाही पाठवलं. याच्या आधी दोन जागा सांगून आल्या, तिनं दोन्हीले नाही म्हटलं. हे पायथानचं आयकलं अन् म्हणे, मामा, याले पाहू. निदान बोलाले काही राहीन."

गावाला सांगायला आईनं जे तोंडाला येईल ते सांगितलं, आणि त्या मुलीनं नेमकं तेच धरून हो म्हटलंय. तुझं घर, वावर, रूप, कशाकडे बघून नाही.

त्यांनी पुढे विचारलं, पुण्यात कुठे राहतो. मी म्हटलं, ते त्याच्याकडूनच ऐका. संक्रांतीपर्यंत तो स्वतः कळवील. नाही कळवलं तर मी तुमच्या दुकानात येऊन सांगीन.

मामांनी कप खाली ठेवला.

"म्हंजे सांगासारखं हाय काही."

"आहे."

"तुमीच सांगा ना मंग. आता बसलोच हावो."

"त्याचं आहे. त्यानं सांगावं."

ते उठले, टोपी नीट केली. "थांबतो. पण मॅडम, पोरगी आमची हाय. तुमच्या भावाच्या सवडीनं तिचं होणार नाही." सवड हा शब्द त्यांनी तुझं पत्र न वाचता वापरला. मी दाराशी उभी राहिले. नंतर बॅच घेतली.

तर आता असं आहे. रूपाला पायथॉन येतं. बैठकीत तिनं सहज दोन गोष्टी विचारल्या तर तू टिकणार नाहीस. पण त्यासाठी मी हे थांबवत नाही. तू टिकला असतास तरी थांबवलं असतं.

मला लिहू नकोस. तिला लिही. काय लिहायचं हे मी सांगणार नाही आणि बाबांना विचारू नकोस. पाकीट माझ्या पत्त्यावर पाठव, मी पोचवीन. संक्रांतीच्या आधी माझ्या हातात पडलं नाही तर मी बाजारात जाईन आणि माझ्या शब्दांत सांगीन. माझे शब्द कसे असतात ते तुला माहीत आहे.

तुझे तीन प्रश्न राहिलेत, म्हणून उत्तरं देते. लिस्टमधलं पहिलं घर शून्यापासून मोजतात. 'रेंज' शेवटचा आकडा घेत नाही, त्याच्या आधी थांबतं. आणि 'व्हाइल' थांबत नसेल तर आत काहीच बदलत नाहीये, ते बघ.

संस्कृती


१३ जानेवारी

दादा,

शुक्रवारी पाकीट मिळालं. आत रूपासाठी तीन पानं आणि माझ्यासाठी एक ओळ, 'चुका तपासून दे'.

मी ते वाचलं, कारण तू तपासायला सांगितलं होतंस. दोनदा वाचलं. केंद्राचं नाव आहे, कधीपासून आहेस ते आहे. आईचा हात मोडला त्या दिवशी मालेगावच्या बाजारातून येताना गाडी तूच चालवत होतास, पिऊन होतास, आई मागे बसून थांब थांब म्हणत होती, तेही आहे. मला हे माहीत होतं, पण ती थांब म्हणत होती हे माहीत नव्हतं. तिनं मला ते कधी सांगितलं नाही.

पायथॉनबद्दल तू लिहिलंस की येत नाही. बहिणीला विचारून पंधरा-वीस ओळी लिहिता येतात, त्यातली एकही ओळ स्वतः चालवून पाहिलेली नाही. पुन्हा पिणार नाही असं कुठे लिहिलेलं नाही. 'पुढचं मला माहीत नाही' असं आहे. ते वाक्य मी बराच वेळ बघत होते. तू कुठल्याही गोष्टीबद्दल माहीत नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

शुद्धलेखनाच्या चुका होत्या. दुरुस्त केल्या नाहीत. पाकीट बंद करून बाजारात गेले. मामा वजनकाट्याजवळ उभे होते. त्यांनी पाकिटावरचं नाव बघितलं आणि न उघडता खिशात घातलं. रूपाचं नाव आहे, रूपा वाचेल, म्हणाले.

काल संध्याकाळी ते क्लासवर आले. बसले नाहीत.

"नाही म्हणते."

मी बरं म्हटलं. ते तरी थांबले.

"मी म्हटलं, आण मंग चिठ्ठी, वापस देऊन येतो. तं देली नाही. राहू द्या म्हणे मायाजवळ."

"आणखी काही म्हणाली?"

"नाही. तुमाले सांगतलं मी, जेवढं झालं तेवढं."

मीही तुला जेवढं झालं तेवढंच सांगते. याचा अर्थ मी लावलेला नाही. तूही लावू नकोस. तिनं नाही म्हटलंय.

घरी कळलंय. बाबांचा फोन आला. "तू बहीण हायेस का वैरीन? पोराचं जमत आलेलं मोडलं तू." मी म्हटलं, मी नाही, त्यानं लिहिलं. त्यांनी फोन ठेवला. आई फोनवर आलीच नाही. उद्या संक्रांतीला मी इथेच राहणार आहे. ये असं कोणी म्हटलेलं नाही, आणि तेवढा प्रवास करायचं त्राणही नाही.

आता सोमवारचं. मॅडमचा निरोप आहे की १९ तारखेला तुला सोडतील आणि ज्यानं दाखल केलं त्याचीच सही लागेल. मी पहिल्या गाडीनं निघते. दुपारपर्यंत पोचेन. सामान बांधून ठेव. तुझं ते केंद्रातलं निरोप घेणं, फोटो वगैरे असेल तर मी यायच्या आधी उरकून घे.

मी तुला विचारणार होते की कारंज्याला येतोस का. सकाळच्या बॅचला एक मशीन रिकामं असतं, तिथे बसून तुझे प्रोग्राम तू स्वतः चालवू शकतोस. ते मशीन कुठे जात नाही. नंतर ये हवं तर. पण सोमवारी तुला आधी घरी सोडीन. आईचा हात तू अजून पाहिलेला नाहीस.

मेडशीला उतरलो की स्टँडवरच्या हॉटेलात हेमसिंगकाका बसलेले असतील. ते हाक मारतील आणि विचारतीलच, पुण्याहून कवा आला रे. तिथे आणखी चार माणसं असतील. मी तुझ्या शेजारी उभी असेन. मी बोलणार नाही.

संस्कृती